गुहेच्या तोंडाशी कोरलेली तीन माणसं

कोणता शक, कोणतं साल हे आता कुणालाच सांगता येणार नाही, इतक्या जुन्या काळी एक डोंगराळ राज्य होतं. राजधानीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तिथे एक उघडाबोडका डोंगर होता आणि त्या डोंगराच्या कुशीत एक गुहा होती. गुहेचं तोंड देवळाच्या सभामंडपाएवढं रुंद. बाहेर ऊन तापलं की आतली सावली गार दिसायची. त्या सावलीला भुलून शेळ्यामेंढ्या आत शिरायच्या. आत शिरलेली शेळी पुन्हा बाहेर येत नसे.

आत वाघ नव्हता, साप नव्हता. रक्ताचा थेंब तिथे कधी कुणाला दिसला नाही. आत होती फक्त हवा. तिला ना वास, ना रंग. परातीत पाणी साचावं तशी ती गुहेच्या तळाशी साचून असे. जो तिच्यात वाकेल, बसेल, निजेल, त्याचा श्वास ती हळूच काढून घेई.

डोंगराच्या पूर्वेला धनगरांची वस्ती होती. एकदा त्यांच्यातला एक तरणा मुलगा कोकराच्या मागे आत गेला. तो येईना म्हणून त्याचा भाऊ गेला. बाहेर उभ्या असलेल्या बापाला दोघेही दिसत होते. एकाशेजारी एक, दमून झोपी गेल्यासारखे. बाप दिवस मावळेपर्यंत हाका मारत राहिला. पाऊल मात्र त्याच्याच्यानं पुढे टाकवेना, आणि कुणी त्याला टाकूही दिलं नाही. शेवटी दोराला आकडा बांधून लोकांनी दोघांना ओढून बाहेर काढलं. त्यांच्या तोंडावर वेदनेची एक रेघसुद्धा नव्हती. त्याचीच लोकांना सर्वांत जास्त भीती वाटली.

राजाने गुहा बुजवायला गवंडी पाठवले. दुपार होण्याआधीच त्यांतले दोघे चक्कर येऊन पडले आणि बाकीचे हत्यारं टाकून पळाले. मग राजा स्वतः डोंगरावर आला. येताना त्याने दोन माणसांना बरोबर आणलं. एक होते दरबारचे लेखक त्र्यंबकपंत. दुसरा कुशाबा पाथरवट. राज्यातल्या कितीतरी देवळांतले देव कुशाबाच्या हातचे होते.

राजा त्यांना म्हणाला, की ही गुहा बुजत नाही, आणि इथे राखणीला माणूस ठेवावा तर तो आज आहे, उद्या नाही. तेव्हा इथे असं काहीतरी करून ठेवा, की आपण सगळे मातीत गेल्यावरही येणाऱ्याला कळेल, आत जायचं नाही.

त्र्यंबकपंत मनापासून कामाला लागले. त्यांनी काठीला दिवा बांधून आत सरकवून पाहिला. धनगरांना विचारून घेतलं. उन्हाळ्यात हवा किती वर येते, पावसाच्या तोंडावर ती कशी बाहेर ढकलली जाते, वाकलेल्याला काय होतं, उभ्याला काय होतं, हे सगळं त्यांनी लिहून काढलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. एक शब्द फुकटही नव्हता. पण ते वाचायला बसले तेव्हा सावल्या पायाशी होत्या आणि वाचून संपलं तेव्हा त्या लांब गेल्या होत्या.

राजाने समोरच्या एका म्हाताऱ्या धनगराला विचारलं, की तुला काय कळलं?

धनगराने हात जोडले. "लई गोड वाचलं, सरकार. कंच्या देवाची पोथी म्हनायची ही?"

मग कुशाबा उठला. चुलीतला कोळसा घेऊन त्याने गुहेशेजारच्या कड्यावर तीन माणसं रेखली. पहिला काठी घेऊन उभा. दुसरा डोकं धरून बसलेला. तिसरा जमिनीवर निजलेला. आणि निजलेल्याच्या पलीकडे लगेच गुहेचं काळं तोंड. धनगर वस्तीकडून येणाऱ्या वाटेवर उभा होता. त्याने तिथूनच ती चित्रं एकामागून एक पाहिली, तिसऱ्यापाशी त्याची नजर थांबली आणि तो दोन पावलं मागे सरला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

राजाला जे हवं होतं ते मिळालं. त्याने दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

त्र्यंबकपंत म्हणाले, की चित्र उत्तम आहे, पण त्याखाली माझा लेखही कोरावा. कुशाबा हसला. एवढा लेख मावायला अख्खा डोंगर पुरायचा नाही, त्यातली एक ओळ काढून द्या, असं त्याने सांगितलं. पंतांना ते लागलं. इतकी मोठी गोष्ट एका ओळीत बसत नाही, आणि अर्धवट सांगणं हे खोटं सांगण्यासारखंच आहे, असं ते म्हणाले.

"मग राहू द्या," कुशाबा म्हणाला. "ज्या चित्राखाली लिहावं लागतं, ते चित्रच फसलेलं असतं."

दोघांपैकी कुणी माघार घेतली नाही. पंतांचा लेख रेशमी कापडात बांधून दप्तरखान्यात गेला. डोंगरावर राहिलं ते चित्र.

कुशाबाने ते थंडीच्या दिवसांत कोरलं. डोकं जड झालं की तो लांब जाऊन बसायचा आणि बरं वाटलं की पुन्हा छिन्नी धरायचा. पहिल्या माणसाला त्याने समोर तोंड करून उभा केला. त्याची छाती भरदार केली, दंड गोटीबंद केले, चेहऱ्यावर हसू ठेवलं. हा जितका धडधाकट दिसेल तितकं पुढचं मरण अंगावर येईल, असा त्याचा विचार होता. तिसऱ्या माणसाचे डोळे त्याने अलगद मिटवले. त्या दोन भावांना बाहेर काढलं तेव्हा ते जसे दिसत होते तसाच तो होता. शांत.

त्यानंतर पूर्वेकडचं कुणीही गुहेत मेलं नाही. धनगर आपल्या मुलांना त्या कड्यापर्यंत आणायचे, चित्र दाखवायचे आणि परत न्यायचे. कुशाबाचं नाव झालं. एकही अक्षर न लिहिता आपण माणसं वाचवली, हे तो लोकांना सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज भरून यायचा.

आता डोंगराच्या पश्चिमेची गोष्ट ऐका.

डोंगराची ती बाजू म्हणजे सरळ उभा कडा. तिकडून माणूस काय, माकडही वर चढत नसे. पायथ्याला एक गाव होतं. कुशाबाची एकुलती एक मुलगी, हौसा, त्या गावात दिलेली होती. चित्र कोरलं त्याच्या आधीच तिचं लग्न झालेलं. राजधानीहून तिच्या गावाला जायचं तर नदीला वळसा घालून लांबून जावं लागे, म्हणून माहेरी तिचं येणं क्वचितच व्हायचं. आली तरी घरात बोलणं व्हायचं ते पोरीच्या सुखदुःखाचं. लांबच्या कुठल्याशा गुहेचं नाव मायलेकींच्या बोलण्यात कशाला येईल?

एका वर्षी पाऊस असा कोसळला, की पश्चिमेचा कडा ढासळला. जिथे भिंत होती तिथे मातीची उतरण झाली. चढायला सोपी, अगदी गुहेपर्यंत नेणारी. आणि पाऊस सरता सरता त्या गावात ताप शिरला.

तो साधा ताप नव्हता. सकाळी नांगर धरलेला माणूस संध्याकाळी बरळायला लागायचा. घराघरांतून कण्हण्याचे आवाज यायचे. दारं लावलेली, चुली थंड, कडुनिंबाच्या धुराने गल्ल्या भरलेल्या. गावचा वैद्य इतरांना काढे देता देता स्वतःच गेला. मग लोक एकमेकांच्या दाराकडे बघायचे, आज कुणाच्या दारातून तिरडी निघते म्हणून.

तापाची बातमी राजधानीत पोचली तेव्हा कुशाबाचा जीव थाऱ्यावर राहिना. निघावं तर नदीच्या वाटेवरचे नाके राजाने बंद केलेले. तो रोज कामाला बसायचा आणि दगडावर उगीच छिन्नी फिरवायचा.

अशातच एके दिवशी सकाळी हौसाचा धाकटा दीर त्याच्या कारखान्याच्या दारात उभा राहिला. त्याच्या हातात नारळ होता आणि चेहरा आनंदाने फुललेला होता. नव्या उतरणीवरून डोंगर ओलांडून तो रात्रीच निघून आला होता. त्याने वाकून कुशाबाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, की पाव्हणं, तुमच्या हातांत देव आहे.

कुशाबाला काही कळेना. त्याने हौसाची खुशाली विचारली. हौसा ठणठणीत होती. तिच्या नवऱ्याला, सिदूला, मात्र तापाने धरलं होतं. पण आता काळजी नाही, दीर म्हणाला. आम्हाला तुमची जागा सापडली.

"कसली जागा?"

"डोंगरावरची. तुम्ही कोरलेली."

आणि जमिनीवर दगडाची भुकटी पसरलेली होती तिच्यात बसून तो बोटाने रेघा ओढू लागला. "आम्ही खालून वर आलो, की आधी देवाचा दरवाजा लागतो. त्याच्या शेजारी हा निजलेला माणूस. मग हा उठून बसलेला. आणि मग हा. उभा, हसणारा, धडधाकट. आत जाऊन निजायचं आणि बरं होऊन बाहेर यायचं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा एका नजरेत समजलं, पाव्हणं."

कुशाबा त्या रेघांकडे बघत राहिला.

"कोण गेलंय आत?" त्याने विचारलं.

दिराने सांगितलं, की ज्यांना उठवत नाही त्यांना डोल्यांत घालून सगळं गाव आज उजाडताच निघणार होतं. सिदूची डोली सर्वांत पुढे ठेवायचं ठरलं होतं. काल संध्याकाळपर्यंत गावाचा धीर होत नव्हता. अनोळखी जागा, कुणाची, कशाची, म्हातारे नको म्हणत होते. पण हौसावहिनीने वर जाऊन चित्र पाहिलं आणि खाली येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की हा हात माझ्या आबांचा आहे. आबांनी घडवलेल्या देवाने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही. मी माझ्या नवऱ्याला नेते, तुम्हीही या.

"ती म्हणाली म्हणून तर सगळे तयार झाले," दीर म्हणाला. त्याने मान वर केली आणि कुशाबाचा चेहरा पाहून त्याचं हसू विझलं.

कुशाबाने शेजारच्याचं घोडं सोडलं. जन्मात तो फार वेळा घोड्यावर बसलेला नव्हता. मागे दिराला घेऊन तो जो निघाला तो मान वळवून न बघता. वाटेत त्याने दिराला खरं काय ते सांगितलं. दिराने मागून त्याचा अंगरखा मुठीत घट्ट धरला.

ऊन चढत गेलं. कुशाबा मनात एकेक आशा धरायचा आणि ती सुटून जायची. डोल्या उचलणारे दमून वाटेतच बसले असतील. आज वारा जोराचा आहे, हवा उडून गेली असेल. कुणाचा तरी कुत्रा आत शिरला असेल आणि पडला असेल आणि त्यांना कळलं असेल. डोंगराची चढण लागली तेव्हा घोडं फेसाळून थांबलं. मग तो पायीच चढू लागला. चढता चढता तो कान देऊन ऐकत होता. वरून रडण्याचा आवाज यावा, असं त्याला वाटत होतं. रडत असतील तर त्यांना कळलेलं असेल. पण वरून काहीच आवाज येत नव्हता. एवढं मोठं गाव वर जमलेलं, आणि डोंगर गप्प होता.

तो पूर्वेच्या वाटेने कड्याशी आला. त्याची तीन माणसं तिथे होती. उभा, बसलेला, निजलेला, मग गुहा. त्यात कुठे काही चुकलेलं नव्हतं. ती मरणाचीच गोष्ट सांगत होती. कड्याला हात लावत लावत तो त्यांच्यापुढून गेला, गुहेच्या पलीकडे पोचला आणि मागे वळला.

तिथून त्याने आपलं चित्र पहिल्यांदाच पाहिलं. काळोखातून एक माणूस बाहेर येत होता. निजला होता तो उठून बसला होता, बसला होता तो उभा राहिला होता आणि हसत होता.

गावकरी गुहेसमोर सावलीत बसले होते. कुणी घाबरलेलं नव्हतं. बायकांनी उंबऱ्यापाशी हळदकुंकू वाहिलं होतं, एक समई तेवत होती. आजाऱ्यांची पहिली खेप सकाळीच आत नेऊन निजवली होती आणि उचलणारे लगेच बाहेर आले होते. दुसऱ्या खेपेच्या डोल्या बाहेर ठेवलेल्या होत्या. पहिले उठून येतील, मग यांना आत न्यायचं, असं ठरलं होतं. सगळे त्या उठण्याची वाट बघत होते आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून हळू बोलत होते.

हौसाने बापाला पाहिलं आणि ती धावत आली. किती तरी दिवसांत ती हसली नसावी, असं तिच्या गालांवरून कळत होतं. आता मात्र ती हसत होती.

"आबा, ताप उतरला त्यांचा," ती म्हणाली. "मघाशी मी आत जाऊन कपाळावर हात ठेवून आले. अंग गार झालंय. इतके दिवस नुसती भट्टी होती. मला जरा घेरी आल्यासारखं झालं म्हणून मी लगेच बाहेर आले. देवाचं तेज सोसत नाही, असं पाटील म्हणाले."

कुशाबाने तोंड उघडलं. ज्या माणसाने शब्दांची कधी पर्वा केली नव्हती, त्याला त्या क्षणी एक शब्द सापडत नव्हता. त्याने हौसाचे दोन्ही खांदे धरले आणि तिला गुहेपासून मागे ओढलं. मग तो कसाबसा म्हणाला, की कुणीही आत जाऊ नका. हे बरं होण्याचं ठिकाण नाही.

लोक उठून उभे राहिले. गावचा पाटील पुढे झाला. त्याचा म्हातारा बाप आत होता. तो म्हणाला, की पाव्हणं, चित्र तुमचं, मग तुम्हीच असं काय बोलता?

कुशाबाने समईतली एक पेटती वात पणतीत घेतली, ती पणती एका लांब काठीच्या टोकाला बांधली आणि जमिनीलगत गुहेत सरकवली. उंबऱ्याच्या आत जाताच ज्योत लहान झाली आणि विझली. ना वारा, ना पाणी. त्याने ती बाहेर घेऊन पुन्हा पेटवली आणि पुन्हा आत सरकवली. ज्योत पुन्हा विझली. तिसऱ्यांदा त्याने काठी उंच धरली. वर ज्योत नीट जळत राहिली. तो ती हळूहळू खाली, निजलेल्यांच्या अंगांच्या पातळीवर आणू लागला. सगळं गाव त्या एवढ्याशा उजेडाकडे बघत होतं. ती विझली.

मग एका बाईने हंबरडा फोडला.

माणसं आत धावायला लागली. कुशाबा आणि सिदूचा भाऊ आडवे झाले. जो वाकेल तो उठणार नाही, हे कुशाबा ओरडून ओरडून सांगत होता. पाटलाला चौघांनी धरून ठेवावं लागलं. शेवटी डोल्यांचे दोर सोडले, आकडे बांधले, आणि लोकांनी आपापली माणसं ओढून बाहेर काढली. खाली निजवलेल्यांपैकी एकही जिवंत नव्हता. एक म्हातारी तेवढी वाचली. तिला जमिनीवर जागा उरली नव्हती म्हणून उंचावरच्या कपारीत ठेवलं होतं. ती अजून तापाने फणफणत होती आणि पाणी मागत होती.

सिदूला काढलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते.

हौसा रडली नाही. ती त्याच्याजवळ बराच वेळ बसली. मग उठून कड्यापाशी गेली आणि त्या उभ्या माणसाच्या दगडी तोंडावर तिने तळहात ठेवला.

"आबा, हा हसतोय कशाला?"

"मरणाच्या आधीचं हसू आहे ते, पोरी. मला ते दाखवायचं होतं."

"मला कसं कळावं?" ती म्हणाली.

कुशाबाने कमरेला खोचलेला हातोडा उपसला आणि त्या चेहऱ्यावर घालायला वर नेला. हौसाने त्याचं मनगट धरलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. फोडून टाकलंत तर उद्या येणाऱ्याला एवढंही कळणार नाही, असं ती म्हणाली आणि माणसं जिथे सरण रचत होती तिकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकपंत डोंगरावर आले. बातमी ऐकताच ते दप्तरखान्यात गेले होते. त्यांचा लेख रेशमी कापडात होता तसाच होता, गाठसुद्धा कुणी सोडलेली नव्हती. ते कुशाबाशेजारी येऊन बसले. आपण एक ओळ दिली असती तर, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मग पंतांनी लेख मांडीवर उलगडला आणि त्यातली एकेक ओळ ते खोडू लागले. प्रत्येक ओळ खोडताना त्यांचा हात जड होत होता, कारण प्रत्येक ओळ खरी होती. शेवटी एवढंच उरलं: "या गुहेत विषारी हवा आहे. आत जाणारा मरतो."

कुशाबाने पहिल्या माणसाच्या तोंडावरचं हसू खरवडून काढलं. तिन्ही माणसांच्या पायाखालून त्याने पावलांचे ठसे कोरले, गुहेकडे जाणारे. ठसे गुहेच्या आत शिरत होते. बाहेर येणारा एकही ठसा त्याने ठेवला नाही. गुहेच्या पश्चिम बाजूला त्याने तीच माणसं पुन्हा कोरली, तिकडून येणाऱ्याला उभा माणूस आधी दिसेल अशी. दोन्हीकडे खाली पंतांचे शब्द आले, हातभर उंचीच्या अक्षरांत.

काम झाल्यावर दोघांनी हौसाला वर बोलावलं आणि आता नीट झालं का, ते विचारलं. ती आली. पांढऱ्या कपाळाने ती आल्यापासून कुशाबाला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"मला विचारू नका," ती म्हणाली. "मला माहीत आहे आत काय आहे. ज्याला माहीत नाही त्याला विचारा."

म्हणून ते वाटेवर थांबले. लांबच्या मुलखातून मीठ घेऊन येणारे लमाण त्या बाजूने जात, त्यांतल्या एकाला त्यांनी बोलावून कड्यासमोर उभं केलं. त्याला अक्षर येत नव्हतं. तो बराच वेळ ठशांकडे बघत राहिला. मग म्हणाला, की आत एखादं जनावर राहत असणार, दहा माणसं भाले घेऊन गेलो तर मारता येईल. कुशाबा आणि पंत एकमेकांकडे बघू लागले. मग कुशाबाने निजलेल्या माणसाशेजारी भाला घेतलेला माणूस निजवला आणि त्यांच्या डोक्याशी विझलेला दिवा कोरला. पंतांनी खाली आणखी चार शब्द दिले: "शस्त्र इथे चालत नाही." मग त्यांनी दुसरा लमाण थांबवला. त्याच्यानंतर एक यात्रेकरू. त्याच्यानंतर दोन लहान मुलं आणि त्यांची आजी. दरवेळी ते गप्प उभे राहायचे आणि समोरचा काय म्हणतो ते ऐकायचे. दरवेळी काहीतरी बदलावं लागलं.

त्या कामात कुशाबाचे केस पांढरे झाले. हौसा राजधानीला परत गेली नाही. त्याच गावात राहिली. दरवर्षी गावात नव्या सुना आल्या, की ती त्यांना डोंगरावर घेऊन जायची, कड्यासमोर उभं करायची आणि एवढंच म्हणायची, की काय दिसतं ते मला सांगा. सांगून होईपर्यंत ती स्वतः एक शब्दही बोलायची नाही. चुकीचं सांगितलं तर ती तशीच खाली उतरून बापाला निरोप धाडायची आणि कुशाबा छिन्नी घेऊन यायचा. दोघांत त्याखेरीज फारसं बोलणं उरलं नव्हतं.

कुशाबा गेला, पंत गेले, हौसाही गेली. ते राज्य आणि ती भाषाही गेली. गुहा मात्र अजून तिथेच आहे, आणि वाट चुकून तिथवर जाणारी माणसं कड्यापासूनच मागे फिरतात, असं म्हणतात.

दुसऱ्यासाठी जे लिहायचं किंवा रेखायचं, ते आधी त्याच्या वाटेने चालत येऊन, त्याच्या डोळ्यांनी एकदा पाहावं.